सल्ला आणि हुकूम

तू आता चहाले नाही म्हटलं ना, त्यावरून आठवलं. साठ-बासष्टची गोष्ट. आर्णीकडे विहिरींच्या कामावर एक अमेरिकन साहेब होता, ख्रिस्त्यांमधल्या मॉर्मन पंथाचा. मी त्याचा दुभाषी. तिथल्या बंजाऱ्यांच्या तांड्याच्या नाईकाचा, म्हंजे प्रमुखाचा, पोरगा दारूपायी गेला, म्हणून आम्ही भेटाले गेलतो. सुतकाच्या घरची चूल बंद, चहा शेजारणीनं आणलता. साहेबानं हात जोडले.

"आमच्या पंथात चहा, दारू, तंबाखू चालत नाही."

नाईकानं इचारलं, "पयलेपासून?"

"नाही. पयले नुसता सल्ला होता, माझा पणजाही प्यायचा. हुकूम मागाहून झाला."

नाईकानं साहेबाचा कप बाजूले सरकवला अन् म्हणाला, "साऱ्या तांड्याले म्या दारू सोडायचा हुकूम केला. पोराले मात्र सल्लाच देत राह्यलो."