कावळा कोणाच्या नावाला शिवला, याबाबत

पोलीस ठाणे, अंधेरी. ता. २५ एप्रिल १९५४, रविवार, दुपारी १२ वाजून १० मिनिटे.

नाव श्यामकांत भास्कर राजाध्यक्ष, वय ४१ वर्षे, धंदा नोकरी (विमा कंपनीत कारकून), राहणार वर्तक चाळ, खोली क्रमांक ११, अंधेरी पूर्व.

मी समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगतो की, वरील पत्त्यावर मी, माझ्या वहिनी उत्तरा व पुतणी नीला असे राहतो. माझे वडील बंधू विद्याधर हे शुक्रवार ता. १६ रोजी हृदयविकाराने वारले. त्यांना मुलगा नसल्याने क्रिया मी करीत आहे. आज दहावा दिवस होता. अंगावर ओले धोतर आहे त्याबद्दल क्षमा असावी. घरी जाऊन बदलण्यास वेळ मिळाला नाही.

बंधू अंधेरीच्या नवतरुण फुटबॉल क्लबचे चिटणीस होते. हा क्लब उपनगरातील आठ संघांच्या साखळी सामन्यांत खेळतो. मागील हंगामात क्लबने चौदा सामने खेळून तेरा गमावले व एक बरोबरीत सोडवला. त्या दिवशी प्रतिपक्षाचे चार खेळाडू पोचले नव्हते, असे समजते. साखळीचा नियम असा आहे की, जो संघ शेवटी राहील त्याला पुढील हंगामासाठी नव्या खेळाडूंच्या यादीतून पहिली निवड मिळते. निवडलेले नाव आज सायंकाळी सहापर्यंत कळवायचे आहे. नाव बंधू ठरवणार होते. ते त्यांनी कोणास सांगितले नाही.

सकाळी ९ वाजता मी, गुरुजी व क्लबचे सुमारे पंधरा सभासद तलावावर गेलो. ९ वाजून २० मिनिटांनी पिंड ठेवला. समोरच्या भिंतीवर सहा-सात कावळे होते. मी हात जोडून वहिनींची काळजी घेईन असे म्हटले. नीलाला मॅट्रिकपर्यंत शिकवीन असेही म्हटले. कावळे जागचे हलले नाहीत. अर्धा तास गेला. गुरुजींना अकरा वाजता सांताक्रूझला दुसरे काम होते. त्यांनी सांगितले की, पावणेअकरापर्यंत पाहू, नाहीतर दर्भाचा कावळा करून शिववू. शास्त्रात तशी सोय आहे. परंतु घरी गेल्यावर वहिनी, कावळा शिवला का, एवढेच विचारणार होत्या. मी थांबण्याची विनंती केली.

त्यावर सभासद मधुकर कर्णिक, पोस्टात नोकरीस, हे पुढे झाले व म्हणाले, "अहो, त्यांचा जीव निवडीत अडकलाय. विद्याधर, काळजी करू नकोस रे. सांताक्रूझच्या चंद्रप्रकाशलाच घेतो आपण." चंद्रप्रकाश हा सेंटर फॉरवर्ड आहे. तेव्हा एक कावळा भिंतीवर दोन पावले पुढे सरकला. काही सभासदांनी टाळ्या वाजवल्या. मी त्यांना टाळ्या न वाजवण्यास सांगितले.

सभासद सहदेव परब, स्टुडिओत सुतारकाम करतात, ते म्हणाले, "तो पुढे इलो नाय, बाजूच्यान ढकलल्यान त्येका." त्यांच्या मते मालाडचा गोलकीपर बाप्टिस्टा यास घेणे जरूर होते. पिंडाजवळ पुढीलप्रमाणे बोलणे झाले.

"एक्कावन गोल खाल्लंव आमी, एक्कावन! गोलात माणूस होतो काय बुजगावणा?"

"आणि केले किती? चार! त्यातला एक समोरच्यांनीच स्वतःच्या गोलात मारलेला. गोलकीपर घेऊन शून्य-शून्य करत बसायचं काय रे?"

"शून्य-शून्य केलंव असतंव तर चौदा पॉइंट झाले असते. हिशेब येता मा पोस्टात?"

गुरुजींनी दोघांना शांत राहण्यास सांगितले व खरी अडचण हाफबॅकची आहे, मधली फळीच नाही, असे मत दिले. ते दोन वर्षे सामने पाहत आहेत हे मला ठाऊक नव्हते.

सुमारे १० वाजून २० मिनिटांनी सहदेव परब यांनी हात जोडून म्हटले, "भाऊनु, बाप्टिस्टाक घेतंव. आता पुरे झाला." एक कावळा खाली उतरला. तो पिंडापासून हातभर अंतरावर आला. त्याने मान वाकडी केली. एवढ्यात मधुकर कर्णिक यांनी जोरात टाळी वाजवली व कावळा उडाला.

परब म्हणाले, "मेल्या, कावळ्याक हाकललंस?"

कर्णिक म्हणाले, "डास होता."

परब यांनी कर्णिकांचे उपरणे धरले. कर्णिकांनी परबांचा सदरा धरला. दोघे पायरीवरून तलावात गेले. पाणी गुडघाभर होते. गुरुजींचा तांब्याही गेला, तो मिळालेला नाही. पाण्यातही त्यांचे बोलणे चालू होते. कोणीतरी हवालदारांना बोलावले. हवालदारांनी दोघांना बाहेर काढले व बाप्टिस्टा डाव्या बाजूचा चेंडू अडवतो का, असे विचारले. हा चौकशीचा भाग होता किंवा कसे, मला सांगता येत नाही. नंतर ते दोघांना ठाण्यावर घेऊन गेले. बाकी सभासद वाद घालत मागोमाग गेले. तलावावर मी व गुरुजी राहिलो.

पावणेअकराला गुरुजींनी दर्भ हातात घेतला. त्याच वेळी मी एक वाक्य बोललो. भिंतीवरून एक कावळा उतरला व पिंडाला शिवला. त्याने दोनदा चोच मारली. गुरुजींनी दर्भ खाली ठेवला.

दोन्ही पक्षांची मंडळी सध्या ठाण्याच्या दारात उभी आहेत. मी काही बोललो व कावळा शिवला, एवढेच गुरुजींनी सांताक्रूझला जाता जाता त्यांना सांगितले. मी आपल्या उमेदवाराचे नाव घेतले असे प्रत्येक पक्षाचे म्हणणे आहे व त्यावरून पुन्हा हातघाई होण्याचा संभव आहे. म्हणून फौजदार साहेबांनी, कावळा शिवला तेव्हा नाव कोणाचे घेतले, असे विचारले. मी कोणाचेही नाव घेतले नाही.

काय बोललो हे सांगणे जरूर आहे असे साहेबांनी म्हटल्यावरून सांगतो. बंधू अकरा वर्षे दर रविवारी, चपला घालताना, "शाम, येतोस का मॅचला?" असे विचारीत. मी एकदाही गेलो नाही. मला खेळातले समजत नाही. मी म्हटले, "दादा, येतो."

माझी कोणाविरुद्धही तक्रार नाही. दोघांना समज देऊन सोडावे. गोलकीपर की फॉरवर्ड याबाबत मला मत नाही. वहिनी घरी वाट पाहत आहेत, तरी मला लवकर जाऊ द्यावे.

हा जबाब मला मराठीत वाचून दाखवला. तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर लिहिला आहे. दारातील मंडळींना ऐकू जाऊ नये म्हणून, माझ्या विनंतीवरून, तो हळू आवाजात वाचण्यात आला.

सही,
श्या. भा. राजाध्यक्ष