डब्यातली आर्डिथ

हारलन : दार उघड, आर्डिथ.

आर्डिथ : कडी बसवलेलीच नाही अजून. ढकललंस तर उघडेल. पण ढकलू नकोस.

हारलन : उठल्यापासून या डब्यात बसून काय चाललंय तुझं? नवऱ्याच्या न्याहारीचा पत्ता नाही.

आर्डिथ : अंडी फ्रीजमध्ये आहेत, तवा शेगडीवर आहे. आता कोंबडीने येऊन फोडून द्यायची का तुला?

हारलन : शेजारी बघतायत. आपल्याच अंगणात बायको रुसून त्या चाकांवरच्या खोलीत, कॅम्परमध्ये बसलीय! शोभतं का या वयात?

आर्डिथ : रुसले नाहीये. बसलेय. गेलन येणार आहे ना आज ट्रक घेऊन?

हारलन : तुला कुणी सांगितलं?

आर्डिथ : त्याच्या आईने. काल चर्चच्या जेवणात माझ्या ताटात बटाटे वाढता वाढता म्हणाली, ‘बरं केलंत, तो कॅम्पर आमच्या गेलनला दिलात.’ अर्ध्या आयोवाला ठाऊक, फक्त मालकिणीला ठाऊक नाही!

हारलन : सांगणारच होतो.

आर्डिथ : केव्हा? तो वळणाआड गेल्यावर?

हारलन : हे बघ, मी त्याला शब्द दिलाय. या गावात हारलन व्होसबर्गच्या शब्दाला किंमत आहे.

आर्डिथ : असू दे की. स्वतःच्या वस्तूंचा दे ना शब्द. तुझी होडी दे. ती आरामखुर्ची दे. ओपलमावशीने कॅम्पर मला दिला, तुला नाही.

हारलन : म्हणे दिला! एकसष्ट सालचा भंगार डबा, त्याचं खुराडं करून टाकलेलं मावशीने. तिला तो शेतातून हलवायचा होता, आणि तू आयती सापडलीस.

आर्डिथ : सापडले तर सापडले. कोंबड्यांची घाण मी खरवडली. तू नाकाला रुमाल लावून उभा होतास.

हारलन : आणि निघालं काय त्यातून? पत्रे अंगणात, खिडक्या माझ्या गॅरेजात, बाई घरात सापडेल तर शपथ! शिवाय पहिल्याच महिन्यात तू त्याला आडवा केलास ते वेगळंच.

आर्डिथ : आलास शेवटी तिथेच.

हारलन : मग? आतली कपाटं आधी उचकटल्यावर दुसरं काय होणार होतं?

आर्डिथ : चूक झाली. मी कुठे नाही म्हणते? मला वाटलं, घर रंगवताना आधी सामान बाहेर काढतात, तसंच असेल. हे कॅम्पर आतून बाहेर बांधत जातात, हे मला कुठे माहीत होतं? आधी तळ, मग कपाटं, मग कपाटांच्या आधाराने भिंती, आणि पत्रा सगळ्यात शेवटी. मी कपाटं काढली आणि सगळं अंग डावीकडे कललं. आत होते मी, हारलन. छत खांद्यावर घेऊन उभी होते आणि तुला हाका मारत होते.

हारलन : आलो की मी.

आर्डिथ : आलास आणि हसलास.

हारलन : अगं, दिसतच होतं तसं की...

आर्डिथ : हसलास. आणि दुसऱ्या दिवशी धान्याच्या कोठारावर, तुमच्या त्या कॉफीच्या टेबलावर, सगळ्या म्हाताऱ्यांना हसवलंस. तेव्हापासून जो भेटेल तो विचारतोय, ‘काय आर्डिथ, छत काय म्हणतंय?’ किराणा दुकानात विचारतात, चर्चमध्ये विचारतात. दातांच्या डॉक्टरनेसुद्धा विचारलं! माझ्या तोंडात त्याचं यंत्र, मी उत्तर काय देऊ कपाळ?

हारलन : गंमत केली गं.

आर्डिथ : तुझी गंमत झाली आणि माझी शोभा झाली. पण त्याच दिवशी ठरवलं, आता काही होवो, हा उभा करायचाच. जॅक लावून छत उचललं. पत्रा बाहेरून सोलला. कुजलेली एकेक फासळी काढली, तिच्या मापाची नवी कापली, बसवली. कपाटं जागच्या जागी. आता मार लाथ बाहेरून. मार ना! हलतो का बघ.

हारलन : लाथ मारायला माझा गुडघा धड आहे का?

आर्डिथ : मग तोंड तरी आवर.

हारलन : बरं बाई, राहिला उभा. पुढे? ओढणार कशाने? पिकअप माझी आहे आणि या कामाला ती मिळणार नाही. आत्ताच सांगून ठेवतो.

आर्डिथ : नको देऊस. माझ्या गाडीला मागे आकडा बसवून घेतलाय.

हारलन : कुणाला विचारून?

आर्डिथ : आरशाला. तो हो म्हणाला.

हारलन : आर्डिथ, ट्रेलर लावून गाडी मागे घेणं खेळ नाही. जन्मात कधी घेतलीयस?

आर्डिथ : तू घेऊ दिलीस कधी? तळ्यावर होडी उतरवताना तू स्टीअरिंगवर, मी मागे उभी राहून हात हलवणारी, आणि होडी वाकडी गेली की ओरडा मला. आता शाळेमागच्या मैदानात शिकतेय. शेजाऱ्यांचा गवताचा ट्रेलर उसना नेते. कचऱ्याची दोन पिंपं आडवी केली. गेल्या रविवारी एकही नाही.

(बाहेर ट्रक येऊन थांबतो. गेलन उतरतो, हातात साखळी.)

गेलन : काय हारलन, निघायचं ना घेऊन? आर्डिथबाई दिसत नाहीत कुठे?

आर्डिथ : इथे आत आहे, गेलन. आई बरी आहे?

गेलन : बरी आहे. तुम्ही आत काय करताय?

आर्डिथ : राहतेय.

गेलन : अं... हारलन, या आत असताना मला ओढता नाही यायचं. पोलिसाने पाहिलं तर परवाना जाईल माझा.

आर्डिथ : माहीत आहे. म्हणूनच बसलेय.

हारलन : उतरेल ती. थांब जरा.

आर्डिथ : ती उतरणार नाही. गेलन, तू याचं करणार काय आहेस?

गेलन : काउंटीच्या जत्रेत लिंबू सरबताची गाडी. ही बाजू अर्धी कापायची, मोठी खिडकी पाडायची. आतलं सगळं काढून टाकायचं.

आर्डिथ : कपाटंसुद्धा?

गेलन : ती तर आधी!

आर्डिथ : ऐक, हारलन. अजून एक निघाला. जा, यालाही हस.

गेलन : माझं काही चुकलं का? हारलन म्हणाले, तुम्ही कंटाळलात. हातसुद्धा लावत नाही म्हणाले. एकदाची ब्याद जाऊ दे घरातून, असं तुम्हीच म्हणालात म्हणे. नाहीतर मी आलो असतो का, बाई?

आर्डिथ : असं म्हणाला हा?

हारलन : गेलन, तू जरा ट्रकपाशी...

आर्डिथ : थांब, गेलन. या खिडकीतून माझी बोटं बघ. हे काळं दिसतंय ना, ती पत्र्याच्या सांध्यांत भरायची लांबी आहे. कालची. रॉकेलने घासली तरी जात नाही. कंटाळलेल्या बाईचे हात असे असतात?

गेलन : नाही.

आर्डिथ : शाळेच्या जेवणघरात तुला दुसऱ्यांदा बटाटे कोण वाढायचं? मुख्याध्यापकांची नजर चुकवून?

गेलन : तुम्हीच. हारलन, रागावू नका, पण हा मी नेणार नाही. तुमचा शब्द मी परत केला असं समजा. आणि बाई, छान झालाय हो. मागचे दिवे जुनेच आहेत?

आर्डिथ : जुनेच. कोंबड्यांनी जपले. आईला सांग, बटाटे अळणी होते.

गेलन : हे तुम्हीच सांगा तिला. येतो.

हारलन : गेला. झालं समाधान? त्या पोरासमोर मला खोटं पाडलंस.

आर्डिथ : पाडायला कशाला हवं? तू आपण होऊन खोटं बोललास. का बोललास, हारलन? खरं सांग. पत्र्याच्या डब्यावर एवढा डूख कोण धरतं?

हारलन : सोड ना आता.

आर्डिथ : नाही सोडत. दार मध्ये आहे, माझं तोंड तुला दिसत नाही. तेवढं सोपं आहे. बोल.

हारलन : जूनमध्ये तू त्या बायकांच्या मेळाव्याला नदीवर जाणार. तिथे नवरे चालत नाहीत म्हणे.

आर्डिथ : नाही चालत. जिने तिने आपला कॅम्पर आपण दुरुस्त करायचा, आपण ओढत न्यायचा, आपण लावायचा.

हारलन : आणि तुला ते आवडणार.

आर्डिथ : आवडावं म्हणूनच चाललेय.

हारलन : तेच तर! कोठारावरचं काम सुटल्यापासून सकाळची कॉफी झाली की घर खायला उठतं मला. तू इथे ठोकत असतेस, तो आवाज आत येतो, तेवढीच सोबत. एकदा गेलीस की तुला पुन्हा जावंसं वाटेल. मग पुन्हा. आणि मी त्या घरात भिंतींशी बोलत बसायचं? भीती वाटते मला, आर्डिथ. घे. बोललो.

आर्डिथ : एवढंच होतं तर मला सांगायचं. गेलनच्या गळ्यात कशाला बांधायचा?

हारलन : सांगता आलं असतं तर सांगितलं नसतं का?

आर्डिथ : आता माझंही ऐक. तुझी भीती खरी आहे आणि मला वाईट वाटतंय. पण तुला एकटं वाटतं म्हणून मी माझं काम मोडणार नाही. जन्मभर लोकांची पोटं भरली, शाळेत आणि घरात. सकाळी केलेलं दुपारी संपायचं, दुपारचं रात्री. हे पहिलं काम असं, की मी केलं आणि दुसऱ्या दिवशी उठून बघितलं तर ते होतं तिथेच होतं. मी ते कुणाला देणार नाही. आणि जूनमध्ये मी जाणार.

हारलन : जा.

आर्डिथ : परवानगी नाही मागितली.

हारलन : कळतं मला. या कोपऱ्यावरचा पत्रा सुटाच आहे अजून. संध्याकाळी पाऊस सांगितलाय. एकटीने जमायचं नाही ते.

आर्डिथ : नाही जमत. कालपासून झटतेय. एकाने वरून धरायला लागतं.

हारलन : इथे धरू?

आर्डिथ : थांब, येते बाहेर. हं. अजून वर. सांध्यावर बोट नको, लांबी ताजी आहे. आता हलू नकोस.

हारलन : नाही हलत. जूनचं कळलं. जुलैत काय आहे?

आर्डिथ : काही ठरवलं नाही. उत्तरेकडे तळी बघायचीत.

हारलन : आत निजायला दोन जागा आहेत ना?

आर्डिथ : दोन आहेत.

हारलन : मग जुलैत मी येतोय तुझ्याबरोबर.

आर्डिथ : हे सांगतोयस, की विचारतोयस?

हारलन : विचारतोय.