नाव ठोकलेला डबा

अगं, त्या दिवशी काय झालं ऐक. नात मिनू एक मशीन घेऊन आली. "आजी, लोक डबा लपवतात, ही मशीन जागा दाखवते, आपण शोधायचा. आज मिलच्या जुन्या रेल्वेलाइनवर शोधायचाय." हे कामाला होते ती मिल बंद होऊन दहा वर्षं झालेली.

लाइन संपते तिथल्या दगडांखालून मिनूनं स्टीलचा डबा ओढला. "मिल गया!"

पण तो खेळातला डबा नव्हताच, उलटा केला तर माझं नाव! मला वाचता येत नाही, पण भांडेवाल्यानं माझ्यासमोर ठोकलेली टिंबं मी ओळखते. हाच डबा हरवला तेव्हा मी धाकट्या जावेला, कुसुमला, चोर म्हणाले होते. तेव्हापासून बोलणं बंद.

घरी यांच्यापुढे डबा आपटला. हे म्हणाले, "मिल बंद झाली हे सांगायची हिंमत नव्हती. रोज त्या रेल्वेलाइनवर बसून जेवायचो. एकदा ओळखीचं कुणी दिसलं, डबा लपवून पळालो. मग सापडलाच नाही, तुला सांगितलं घरी आणून ठेवला."

"अन् मी कुसुमला चोर म्हणाले तेव्हा?"

"तेव्हा तर अजूनच हिंमत नव्हती."

तशीच कुसुमच्या दारात गेले, सगळं सांगितलं, डबा पुढे केला. तिनं झाकण उघडून आत पाहिलं.

"दहा वर्षांनी आलात ताई, अन् डबा रिकामा?"