डाव्या खिळ्यावरची चिठ्ठी

समारंभाच्या अध्यक्षा आणि आपल्या क्लबच्या प्रमुख श्रीमती क्लॅरिस ओडेल, व्यासपीठावरील माननीय महापौर, आजचे सत्कारमूर्ती श्री. मर्व्हिन टॅगार्ट, त्यांच्या पत्नी जून, आणि आपल्या बेसबॉलच्या मैदानात पहिल्या बेसच्या बाजूने इतकी वर्षं घसा फोडणाऱ्या माझ्या ब्रॅकेट फॉल्सकरांनो,

निवेदकाच्या खोलीत सव्वीस वर्षं ज्याच्या शेजारी बसून मी धावफलक लिहिला, त्याला अहो-जाहो करायला माझी जीभ वळत नाही. मर्व्ह तो मर्व्हच.

क्लॅरिसबाईंनी मला दोन कामं सांगितली. मर्व्हबद्दल बोल, आणि लोक सामन्याला का येतात तेही सांग. त्यांनी पाहणी करून घेतली आहे. त्यात लोकांनी लिहिलंय: हॉट डॉग, थंड बिअर, शनिवारची आतषबाजी. लिहायचं म्हणून लिहिलंय हो! मी गॅरेजवाल्या हर्शेलला विचारलं, "का रे, टीव्हीवर चेंडूची शिवणसुद्धा दिसते, मग इथे उन्हात कशाला भाजून घेतोस?"

म्हणाला, "आयडाबाई, घरी पंचावर ओरडलो तर बायको म्हणते, कुत्रा घाबरतोय. इथे ओरडलो तर दोन हजार माणसं माझी बाजू घेतात."

आता सांगा, हे पाहणीच्या कागदावर कुठे मावणार?

बावीस वर्षांपूर्वीचा तो रविवार तुम्हाला आठवतोच. नसेल आठवत, तर घरात कोणीतरी ऐकवलाच असेल. चेंडू टाकायला रॅमिरो, आपला पिचर. नवांपैकी आठवा डाव आला, तरी समोरच्यांना एकही हिट, एकही धड फटका मिळालेला नव्हता. वरच्या साखळीतल्या संघाचा माणूस वही घेऊन खास त्यालाच पाहायला आलेला. अशा वेळी आपल्यात काय करतात? काही म्हणजे काही करत नाहीत! बोललं की नजर लागते, म्हणून तो विषय कोणी काढत नाही, बाकावर पिचरशेजारी कोणी बसत नाही. आणि भोंग्यातून मर्व्हचा खणखणीत आवाज आला, "मंडळी, रॅमिरोने अजून एकही हिट दिलेली नाही!"

पुढच्याच चेंडूवर हिट. मग आणखी तीन. वहीवाल्याने वही मिटली आणि तो गेला.

दुसऱ्या दिवशी मैदान खच्चून भरलं. सामना पाहायला? छे! मर्व्हने "नमस्कार मंडळी" म्हणायचा अवकाश, सगळे एका सुरात ओरडले, "मर्व्ह, गप्प बस!" तेव्हापासून आपला प्रत्येक सामना असाच सुरू होतो. त्या रविवारी जी जन्मलीही नव्हती, ती पोरंसुद्धा ओरडतात. क्लॅरिसबाई, हे तुमचं उत्तर. जिंकणं पाहायला येत असते, तर गेले पाच हंगाम मैदानात कुत्रं फिरकलं नसतं. मिळून रागवायला आपलं म्हणावं असं एक माणूस असतं, म्हणून लोक येतात.

फक्त तो राग चुकीच्या दारात जात होता.

आमच्या खोलीत भिंतीला दोन खिळे आहेत. डावीकडची चिठ्ठी मर्व्हने वाचायची, उजवीकडची सामन्यानंतर वर्तमानपत्राला जायची. मर्व्ह आधी चाळूनही बघत नसे. "तू लिहिलंयस ना? मग झालं." त्या रविवारी 'एकही हिट दिलेली नाही' ही वर्तमानपत्राची चिठ्ठी डाव्या खिळ्यावर गेली. मी लावली.

रॅमिरो, तिसऱ्या रांगेतून डोळे वटारू नकोस. आधी पुरतं ऐक.

दुसऱ्या दिवशी ओरडा सुरू झाला तेव्हा खरं सांगायला मी माइककडे हात नेला. मर्व्हने तो तळहाताने झाकला. "खाली बस, आयडा. तुला उद्या या गावात पाव आणायला जायचंय. मला बोलणी खायची सवय आहे, माझं लग्न झालंय." जून, शब्द त्याचे आहेत, माझ्यावर चिडू नकोस. मी बसले. आणि बावीस वर्षं बसूनच राहिले.

मर्व्ह आता निवृत्त होतोय, आणि एप्रिलपासून तो माइक माझ्या हाती येतोय. हे पोटात ठेवून त्या खुर्चीत बसायला माझं मन घेत नाही.

मर्व्ह, माझ्या वाटचं ऊन तू सोसलंस, तुझे उपकार मानायला शब्द अपुरे आहेत. क्लॅरिसबाईंचे, आपणा सर्वांचे मनापासून आभार. बोलण्यात कमीजास्त झालं असेल, कोणाचं नाव राहिलं असेल, तर म्हातारीचं समजून पोटात घाला. ती चिठ्ठी मात्र घालू नका. एप्रिलच्या पहिल्या सामन्याला मी "नमस्कार मंडळी" म्हणेन, तेव्हा सगळ्यांनी ओरडायचं, "आयडा, खिळा बघ!"

आणि पहिला आवाज रॅमिरोचा हवा.