चार काळे प्लग

हसू नका, पण जुने स्पार्क प्लग बघून आमच्या घरातली गोष्ट ओळखणारा माणूस मी लखनौत पाहिलाय. नव्वद-ब्याण्णवच्या सुमाराची गोष्ट. आमची गाडी काळा धूर ओकायची आणि पेट्रोल ढोसायची. एका मेकॅनिकने तर इंजिनच खोलायला काढलं होतं. म्हटलं, आधी प्लग बदलून बघू. चारही प्लग पेपरात गुंडाळले आणि स्कूटरवरून शहराच्या चिनहट भागात, बशीरमियाँच्या स्पेअर पार्टच्या दुकानात नेले.

मियाँनी एकेक प्लग उजेडात फिरवून पाहिला.

"चारों एक जैसे काले. इंजन बेक़सूर है, हुज़ूर. आपका चोक खिंचा रहता है."

मी म्हटलं, थंड इंजिनाला जादा पेट्रोल देणारं ते बटण मी फक्त सकाळी गाडी सुरू करताना ओढतो आणि लगेच आत ढकलतो.

"बगल में कौन बैठता है?"

"मिसेस."

"पर्स कहाँ टाँगती हैं?"

मला हसूच आलं. घरी येऊन बायकोला गाडीत बसवलं. तिने सवयीने पर्स चोकच्या बटणाला अडकवली, आणि बटण बोटभर बाहेर आलं!

अहो, आठ वर्षं शेजारी बसून मला जी पर्स दिसली नाही, ती त्या माणसाला गाडीसुद्धा न बघता दिसली.