टेम्पोच्या चालीनं

पुलगावातल्या आमच्या शेजारच्या बापूंच्या नातवाचं लग्न वेळेत लागलं खरं, पण कसं लागलं ते माझ्याकडून ऐका. मी त्या टेम्पोतच होते.

बापूंचे वडील दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला नौदलात होते. मालाच्या जहाजांचा ताफा समुद्रातून राखत न्यायचा, हे त्यांचं रोजचं काम. सगळ्यात हळू जहाजाच्या चालीनं सगळा ताफा जायचा, कारण मागं पडलेलं जहाज पाणबुडीच्या तोंडी जायचं. बापूंनी वऱ्हाडाला तोच नियम लावला. आर्वीला निघालेल्या चार गाड्यांत शेवटी आम्हा बायांचा जुना टेम्पो, आणि त्याच्यामागं राखणीला मोटरसायकलवर स्वतः बापू.

नवरदेव कारमधून ओरडला, "आजोबा, दुपारून हॉल दुसऱ्या लग्नाले देल्ला हाये! आम्ही पुढं निघतो."

"एकही गाडी पुढं जाणार नाई."

"काऊन? इथं कोणती पाणबुडी हाये?"

"टेम्पोत तुयी मोठी आत्या हाये. ते मागं राह्यली तं पाणबुडीची गरजच नाई!"

मी म्हटलं, "बापू, जाऊ द्या ना पोराले."

"वहिनी, तुम्ही बसा गुपचूप."

अर्ध्या वाटेत नवरदेवाच्याच कारमधून धूर निघाला. बाकीच्या गाड्या गच्च भरलेल्या. बापूंनी टेम्पोचा मागचा फाळका उघडला, अन् नवरदेव फेटा सांभाळत आत्याजवळ येऊन बसला.

तेवढ्यात पुढच्या जीपनं वेग घेतला. हा पोरगा ताडकन उभा राह्यला, "अबे थांबा! टेम्पोले सोडून कोणीच पुढं जाणार नाई!"