भरती थांबते तिथं नामीचं घर

नदी कुठून कुठं जाते ते इचारता ना बाई, कागद काढा, मी सांगते, पन मदीच माजी बहीन येनार, तिच्याशिवाय ही नदी मला सांगताच येत नाय. वर डोंगराच्या पोटात झरा हाय, तिथून ती निगते, दगडाधोंड्यातून खाली येते, मंग एक मोठा कातळ आडवा लागतो, त्याच्या वरच्या अंगाला डोह, आनि डोहाच्या काठाला नामीचं सासर. तिथून दोन वळनं घेतली की आमचं गाव, मंग तिवरांची झाडी, मंग खाडी. नामीच्या दारापासून माज्या दारापरयंत एक पान चघळून होईल एवढीच वाट. पन खाडीची भरती रोज दोनदा आमच्या दारावरून वर जाते आनि त्या कातळाला डोकं आपटून परत फिरते. कातळाच्या वर गोडं, खाली खारं. माजा जन्म खालच्या अंगाला गेला.

आमचा बाप मिठागरावर कामाला, आमी दोगीच मुली. त्यानं दोगींना एकाच नदीवर दिलं, म्हनाला एकमेकींना बघाल. मी मोठी, मला खाली, का तर मासळी मिळंल, आनि धाकट्या नामीला वर. बघितलं की मी, रोज बघितलं. मी उजाडायच्या आत हंडं घेऊन तिच्या डोहावर पान्याला जायची तवा ती दारात बसून निवांत दात घासायची. तिच्याकडं भात निगालं की वाल, वाल निगाले की भेंडी, आनि आमचा बांध एकदा फुटला, खारं शेतात शिरलं, तर तीन वर्सं गवत उगवलं नाय. बाप आला की जेवायला माज्याकडं, खाडीतला जिताडा मासा खायाला, आनि निजायला तिच्याकडं, म्हनायचा बाय, तुज्या घरचं पानी घशाला लागतं. आता ते पानी मीच तिच्या डोहावरनं आनलेलं असायचं. काय सांगू तुमाला, माज्या पोटात नुसता निखारा.

नामी वाईट असती तर भांडून मोकळी झाली असती मी. पन ती माजा हंडा उचलून माज्या डोक्यावर द्यायची, वर इचारायची, बाय, दमलीस का. त्यानं जास्त जळायचं.

मंग माज्या पोराचं लगीन निगालं. आमच्या घरात हळदीच्या आंघोळीला नदीचं पानी लागतं, गोडं, आनि ते भरून द्यायचा मान मावशीचा. नामीनं पाच सवाशिनी सांगितल्या, कळशा घासल्या, वाजंत्री बोलावला. आनि मी काय केलं, तर तिथी मोजली. अष्टमी होती, अष्टमीला भांग असते, म्हंजे भरतीला जोर नसतो, खारं वर चढत नाय, तर म्हनलं आज आपल्याच घाटावर ओहोटीला पानी गोडं, कशाला तिच्या दारात मान वाकवायची. भरल्या कळशा. आता वैशाखात वरून धारच येत नाय, आत शिरलेलं खारं तिथंच बसून ऱ्हातं, हे आमच्यातलं शेंबडं पोरबी सांगंल, पन मला दिसलं नाय. पोरानं नुकतीच दाढी केलेली, पानी पडलं तसा ओरडला, लगीन लागेपरयंत गाल खाजवत होता. सगळ्या गावाला कळलं. तिकडं नामी सवाशिनी घेऊन दुपारपरयंत कातळावर उभी होती.

संध्याकाळी आली, आहेर केला, आनि एवढंच म्हनली, बाय, माजं पानी खारं झालं होतं का. जेवली नाय. त्या दिवसापासून पंचवीस वर्सं तिनं माज्या घरात घास घेतला नाय.

मंग शेहर वाढत इथवर आलं, जमिनी गेल्या, तिच्याबी आनि माज्याबी. दोगींच्या दारात नळ. डोहात आता सोसायट्यांचं सांडपानी, तिथं कोन पाय बुडवत नाय. मला वाटलं चला, आता झालो सारख्या, आता कशावर जळायचं.

ह्या वैशाखात नातीचं लगीन काढलं. मीच रिक्षा करून नामीकडं गेली, म्हनलं पोराच्या लग्नातला ऱ्हायला, आता नातीच्या पान्याचा मान तुजा. ती म्हनली कुठलं पानी, नळाचं? मी तशीच रिक्षानं परत आली. पन हळदीच्या दिवशी टेम्पो आला, पाच सवाशिनी, मोठा कॅन, आनि पुढं बसलेली नामी. सत्तरीची बाई, गुडघं दुखरं, डोंगर चढून झऱ्यावर गेली होती. मी तिचे पाय धरायचं ठरवलं होतं. पन आधी बोट बुडवून जिभेला लावलं. गोडं. आनि परत पेटली बघा मी. जन्म ह्या नदीवर काढला, झरा मी बघितलेला नाय, आनि हिला आजून ठाऊक गोडं कुठं मिळतं.

तेच तोंडातून निगालं. म्हनलं नामे, मी तुज्यावर जळते, तवाबी जळत होती, आताबी जळते. ती म्हनली ठाऊक हाय, वाढ आता, भूक लागली. जिताड्याचं मानाचं डोकं वाढलं तिला, चाटूनपुसून खाल्लं.

आता काय, दोगी म्हाताऱ्या झालो. देव तिला लय वर्सं देवो. फक्त न्यायचं तवा मला आधी न्यावं, म्हंजे तोंडात शेवटचं पानी नामी घालंल.